ग्रहाच्या खात्यावर

माझ्या नावावर छापून आलेलं पहिलं वस्तुमान चुकलेलं आहे. थोडंथोडकं नाही, जवळजवळ दुपटीने. ज्या ग्रहाला मी पृथ्वीच्या नऊपट म्हटलं, तो पाचपटीच्या आसपास निघाला. ज्याला मी लोखंड आणि खडकाचा घट्ट गोळा ठरवलं होतं, त्याच्याभोवती पाण्याचं किंवा हायड्रोजनचं जाड आवरण असावं, असं आता मानावं लागतं. त्याच ताऱ्याभोवती दुसरा एक ग्रहही मी शोधला होता. तो तर नव्हताच.

उपकरण बिघडलेलं नव्हतं आणि बेरीज-वजाबाकीही बरोबर होती. तसं काही असतं तर कोणीतरी ते लगेच पकडलं असतं. जे ताऱ्याचं होतं, जे आपल्या दिवसरात्रीचं होतं आणि जे निव्वळ माझ्या घाईचं होतं, ते सगळं मी ग्रहाच्या खात्यावर जमा करत गेले. खातं फुगत गेलं आणि मला वाटलं, ग्रह वजनदार आहे.

हे वजन करतात कसं, ते आधी सांगते. जवळच्या ताऱ्याभोवतीचा छोटा ग्रह आम्हाला दिसत नाही. दिसतो फक्त तारा. ग्रह ताऱ्यासमोरून गेला, म्हणजे त्याचं अधिक्रमण झालं, की ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो आणि त्या घटीवरून ग्रहाचा आकार ताऱ्याच्या किती हिस्सा आहे ते कळतं. लांबून कोणी पाहत असेल, तर पृथ्वीच्या अधिक्रमणाने सूर्याचा प्रकाश त्याला दहा लाख भागांमागे सुमारे ८४ भागांनी कमी झालेला दिसेल. वस्तुमानाची वाट वेगळी आहे. ग्रह ताऱ्याला ओढतो, त्यामुळे ताराही लहानशा कक्षेत फिरतो. तो कधी आपल्या दिशेने सरकतो, कधी दूर जातो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा त्यानुसार निळ्या नाहीतर तांबड्या बाजूला हलतात. गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटरच्या वेगाने हलवतो. पृथ्वीच्या वाट्याला फक्त ९ सेंटिमीटर येतात.

१९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह याच पद्धतीने शोधला, तेव्हा तो तारा सेकंदाला पन्नासहून जास्त मीटरने हलत होता. छोट्या ग्रहांसाठी एवढ्यावर भागत नाही. चिलीतल्या ला सिया वेधशाळेत २००३ पासून चालणारा हार्प्स आणि ला पाल्मा बेटावरचा त्याचा जुळा भाऊ हार्प्स-एन हे वर्णपटमापक सेकंदाला एका मीटरपर्यंतचा फरक टिपतात. एवढ्या वेगाने वर्णपटातली रेषा डिटेक्टरच्या एका पिक्सेलच्या हजाराव्या भागाएवढी सरकते. त्यासाठी आख्खा वर्णपटमापक निर्वात टाकीत, जवळजवळ न बदलणाऱ्या तापमानात ठेवलेला असतो. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावत असते, तो वेगही आधी काटेकोरपणे वजा करावा लागतो. इतकी काळजी घेऊन हाती आलेल्या आकड्यावर विश्वास बसतो. माझा जरा जास्तच बसला.

मी तेव्हा युरोपातल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करत होते. माझा तारा सूर्याहून लहान, नारंगी, के वर्गातला होता. केप्लर दुर्बिणीच्या के-टू मोहिमेत त्याच्यासमोरून जाणारा ग्रह सापडलेला होता. आकार पृथ्वीच्या साधारण दुप्पट, प्रदक्षिणा नऊ दिवसांची. पहिल्या हंगामात घेतलेल्या वेगाच्या मापांना मी नऊ दिवसांची लाट बसवली. ती सुरेख बसली. कालावधी अधिक्रमणावरून आधीच माहीत होता आणि ग्रह कोणत्या दिवशी कुठे असणार हेही माहीत होतं. त्यामुळे नऊ दिवसांची जी काही हालचाल दिसेल ती ग्रहाचीच, असं मी धरून चालले. मला तो भक्कम आधार वाटला होता. खरं तर तिथेच माझी दुसरीकडे बघायची सवय सुटली.

चूक त्याच्याही आधी झाली होती. अधिक्रमण मोजताना ताऱ्याच्या प्रकाशाचा आलेख पहिल्यांदा सपाट करतात. ताऱ्यावरचे डाग फिरून समोर येतात, मागे जातात, त्यामुळे प्रकाश संथपणे चढतो-उतरतो. तो चढउतार काढून टाकला की अधिक्रमणाचे बारीक खड्डे स्वच्छ दिसतात. मीही तो काढून टाकला आणि काढलेला भाग पुन्हा उघडून पाहिला नाही. त्या टाकाऊ भागात ताऱ्याची स्वतःभोवतीची फेरी साध्या डोळ्यांनी मोजता येत होती. ती सुमारे १९ दिवसांची होती.

१९ आणि ९ यांचा संबंध काय, असं वाटेल. तारा स्वतःभोवती फिरतो तेव्हा त्याची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते. येणाऱ्या कडेवर काळा डाग असला तर तिथला निळ्याकडे सरकलेला प्रकाश कमी पडतो आणि सगळा तारा जणू दूर चालला आहे असं दिसतं. डाग पलीकडच्या कडेला पोचला की उलट होतं. तारा जागचा हललेला नसतो, तरी वेग दिसतो. आणि डागांचे दोन पुंजके समोरासमोरच्या बाजूंना असले, तर एका फेरीत हा खेळ दोनदा होतो. म्हणजे १९ दिवसांच्या ताऱ्यात साडेनऊ दिवसांची लाट उठते. एकाच हंगामाच्या मापांवरून नऊ दिवस आणि साडेनऊ दिवस वेगळे काढता येत नाहीत. माझ्या ग्रहाच्या लाटेत ताऱ्याची लाट मिसळली आणि मी दोन्ही मिळून ग्रहाचं वजन काढलं.

याची तपासणी मी केली नव्हती असंही नाही. आमच्या तक्त्यात कॅल्शियमच्या रेषांचा एक रकाना असतो. ताऱ्यावरची चुंबकीय खळबळ वाढली की त्या रेषांच्या मध्यभागी चमक वाढते. वेग आणि कॅल्शियम यांचा सहसंबंध मी काढला, तो क्षुल्लक आला आणि लेखात मी लिहिलं की ताऱ्याचा काही संबंध दिसत नाही. ते वाक्य आज वाचवत नाही. डाग बरोबर मध्यावर असतो तेव्हा कॅल्शियमची खूण सर्वात ठळक असते, पण वेगावरचा परिणाम तेव्हा शून्यावर असतो, कारण मध्यावरचा भाग ना आपल्याकडे येतो ना दूर जातो. एक वर असताना दुसरा मधोमध. अशा दोन लाटांचा सरळ सहसंबंध काढला तर तो शून्याजवळच येणार, मग सगळी करामत डागाची का असेना. मी लावलेली कसोटीच अशी होती की तीत तारा नेहमी निर्दोष सुटावा.

लेख छापून आला. पुढच्या हंगामात आणखी मापं मिळाली. ग्रहाची लाट वजा करून उरलेल्या वेगांमध्ये मी नवा कालावधी शोधला, तर सव्वापंचवीस तासांवर ठसठशीत शिखर दिसलं. इतक्या जवळून फिरणारा दुसरा ग्रह! १९ दिवसांवरही जवळपास तेवढंच उंच शिखर होतं. सव्वापंचवीस तासांचं केसभर जास्त उंच होतं म्हणून मी ते निवडलं, आणि बातमी होण्यासारखं तेच होतं म्हणूनही निवडलं. लेखाचा कच्चा मसुदा करून मी तो गटाच्या बैठकीत मांडला.

एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी एकच गोष्ट विचारली: मापं रात्रीच्या कोणत्या वेळेची आहेत? मी अभिमानाने सांगितलं, तारा आकाशात सर्वात उंच असतो तेव्हाची, दर रात्री एक. बोलता बोलताच माझ्या आवाजातला जोर गेला. रोज ठरावीक वेळी एकदाच बघणाऱ्याला दिवसाहून थोडी मोठी लाट आणि कित्येक दिवसांची संथ लाट यांत फरक करता येत नाही. दोन्ही त्याला तेच आकडे दाखवतात. १९ दिवसांच्या लाटेचं पृथ्वीच्या दिवसाच्या आरशात पडणारं प्रतिबिंब म्हणजेच सव्वापंचवीस तास. भागाकार दोन ओळींचा आहे. मी तो केला नव्हता.

हा सापळा आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. कर्क राशीतल्या ५५ कँक्री या ताऱ्याचा सर्वात आतला ग्रह २००४ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्याची प्रदक्षिणा २.८ दिवसांची मानली गेली. २०१० मध्ये रिबेका डॉसन आणि डॅनियल फॅब्रिकी यांनी दाखवलं की ते दैनंदिन निरीक्षणांतून पडलेलं प्रतिबिंब असून खरी प्रदक्षिणा १८ तासांहून कमी आहे. पुढच्याच वर्षी त्या ग्रहाचं अधिक्रमण त्याच लहान कालावधीने दिसलं. तिथे खरा कालावधी लहान होता आणि माझ्याकडे मोठा. म्हणजे यातून सोपा नियमही निघत नाही. तो लेख मी वाचलेला होता, माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात त्याचा उल्लेखही होता. वाचलेली गोष्ट आपल्या स्वतःच्या आलेखाला लावायला मात्र मन तयार नसतं.

बाईंच्या सांगण्यावरून आम्ही काही रात्री त्याच ताऱ्याची मापं दोनदा घेतली, मध्ये कित्येक तास जाऊ देऊन. सव्वापंचवीस तासांचा ग्रह असता तर एका रात्रीत वेग स्पष्ट बदलला असता. तो बदलला नाही. मग मी आणखी एक तपासणी केली, जी आधी करायला हवी होती. ग्रह नसलेला, फक्त डाग असलेला एक कृत्रिम तारा संगणकात तयार केला आणि माझ्या खऱ्या निरीक्षणांच्या नेमक्या वेळांना त्याचे वेग काढले. ग्रह नसतानाही शिखर तिथेच आलं. अल्फा सेंटॉरी बी या आपल्या शेजारच्या ताऱ्याच्या बाबतीत असंच झालं होतं. २०१२ मध्ये तिथे ३.२४ दिवसांचा, ताऱ्याला सेकंदाला अर्धा मीटर हलवणारा ग्रह जाहीर झाला. काही वर्षांनी विनेश राजपॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ग्रहविरहित कृत्रिम तारा त्याच वेळांना पाहिला तरी तोच कालावधी उमटतो. मूळ मापं खुली होती म्हणून हे शक्य झालं.

१९ दिवसांचा आकडा हाती आल्यावर मी सपाट करताना टाकलेला आलेख शेवटी उघडला. तिथे १९ दिवस होते. त्यांची निमपट साडेनऊ. एका प्रश्नाने दुसरा ग्रह गेलाच, पण पहिल्याचं वजनही डगमगलं. ताऱ्याची खळबळ आणि ग्रहाची ओढ एकत्र धरून, डाग उगवतात आणि विरतात हे लक्षात घेऊन नव्याने गणित केलं, तेव्हा नऊपटीचे पाचपट झाले. अशी घसरण होणारी मी पहिली नव्हते. केप्लर-१० सी या ग्रहाला २०१४ मध्ये पृथ्वीच्या १७ पट वजनाचा, अगदी ‘महापृथ्वी’ म्हणून गौरवलं गेलं. २०१७ मध्ये राजपॉल यांच्या विश्लेषणात तो साडेसातपटीच्या आसपास आला. पण दुसरेही घसरले म्हणून आपल्या गुडघ्याला लागायचं राहत नाही. दुरुस्तीचा लेख मी लिहिला. तो पहिल्या लेखापेक्षा कमी वाचला गेला.

आकाराची चूक मी थोडक्यात सांगते, कारण तीत आळसाखेरीज काही नाही. अधिक्रमणावरून ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या प्रमाणात मिळते. ताऱ्याची त्रिज्या मी एका जुन्या यादीतून उचलली. २०१८ मध्ये गाया उपग्रहाने ताऱ्यांची अंतरं फार अचूक दिली, तेव्हा माझा तारा यादीतल्यापेक्षा काही टक्क्यांनी मोठा निघाला, म्हणजे ग्रहही तेवढाच मोठा. घनता काढताना त्रिज्येचा घन होतो, त्यामुळे आठ टक्क्यांची चूक पंचवीस टक्क्यांवर जाते. वजन खाली आलं, आकार वर गेला, आणि घनता निम्म्याहूनही कमी उरली.

यानंतरची चूक मला जास्त खुपते, कारण तोवर मी स्वतःला शहाणी समजत होते. पीएच.डी.नंतर मी बऱ्याच छोट्या ग्रहांची वस्तुमानं एकत्र करून आकारानुसार वजन कसं वाढतं ते पाहत होते. ताऱ्याचं डोलणं फार लहान असलं की मापांतल्या गोंधळामुळे कधीकधी गणितात वस्तुमान शून्याखाली येतं. ऋण वजनाचा ग्रह असूच शकत नाही, म्हणून मी गणितालाच शून्याखाली जायची मनाई केली, आणि जे ग्रह शून्याला चिकटले ते तक्त्यातून काढले. करताना ते अगदी तर्काला धरून वाटलं. पण गोंधळ दोन्ही बाजूंना सारखाच असतो. नशिबाने जड दिसणारे ठेवले आणि नशिबाने हलके दिसणारे काढले, तर उरलेली सरासरी जड होणारच. २०१४ मध्ये लॉरेन वाइस आणि जेफ्री मार्सी यांनी पृथ्वीच्या चारपटीहून लहान आकाराच्या ६५ ग्रहांचा अभ्यास केला, तेव्हा शून्याखालची मापंही मुद्दाम ठेवली होती. त्यामागचं कारण मला आपला तक्ता फसल्यावर कळलं.

याच चुकीचा एक सभ्य दिसणारा भाऊ आहे. माप अनिश्चिततेच्या तिप्पट झालं की आम्ही त्याला ‘मोजलं’ म्हणतो आणि थांबतो. थांबण्याची वेळ आपण आकडा बघून ठरवतो. आकडा योगायोगाने वर गेलेला असतानाच आपण थांबतो, खाली असला तर आणखी रात्री मागतो. मी हे कित्येकदा केलं आणि त्याला चिकाटी म्हटलं. आता किती रात्री घ्यायच्या ते मी आधी लिहून ठेवते आणि मधला आकडा कसाही आला तरी त्या पूर्ण करते.

शेवटची चूक बोलण्यातली. दुरुस्त घनता हाती आल्यावर मी सुट्टीत गावी आले होते. विज्ञानाची आवड असलेल्या मंडळींनी व्याख्यान ठेवलं, आणि मी उत्साहात सांगून टाकलं की हा ग्रह बहुधा पाण्याचा आहे. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात ‘पाण्याचा ग्रह’ छापून आला. वार्ताहराने माझेच शब्द लिहिले होते. मुळात नऊ दिवसांत प्रदक्षिणा घालणारा ग्रह इतका तापलेला असतो की पाणी असलंच तर ते दाट, तप्त वाफेच्या रूपात असेल. समुद्राचा प्रश्नच येत नाही. आणि पाणी आहे हे तरी कशावरून? घनता म्हणजे एकच आकडा. त्यातून लोखंडाचा गाभा, खडक, पाणी आणि हायड्रोजन-हेलियमचं आवरण अशा चार गोष्टींचे वाटे काढायचे. निम्मं पाणी असलेला ग्रह आणि खडकाळ गोळ्यावर वजनाच्या जेमतेम टक्काभर हायड्रोजन असलेला ग्रह, दोघांचं वजन आणि आकार सारखाच असू शकतो. २००९ मध्ये सापडलेल्या जीजे १२१४ बी या ग्रहाने आम्हाला हे चांगलंच शिकवलं होतं. तो पाण्याचा की हायड्रोजनने वेढलेला, हे ठरवण्यासाठी लॉरा क्राइडबर्ग आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने त्याच्या वातावरणातून गाळून आलेला प्रकाश तपासला. २०१४ मध्ये निकाल आला: वर्णपट सपाट, उंचावर ढग, खालचं काही दिसत नाही. एवढी मोठी दुर्बीण जिथे गप्प बसली, तिथे मी माझ्या एका आकड्यावर समुद्र उसळवले.

आता माझा बराचसा वेळ सूर्यावर जातो. २०१५ पासून ला पाल्मावर एक लहानशी दुर्बीण दिवसा सूर्याचा प्रकाश हार्प्स-एनमध्ये सोडते, म्हणजे सूर्य एखाद्या दूरच्या ताऱ्यासारखा, एका ठिपक्यासारखा मोजला जातो. सूर्याचे ग्रह आपल्याला आधीच माहीत आहेत, त्यांची ओढ अचूक वजा करता येते. मागे उरतं ते निव्वळ सूर्याचं: डाग, उकळत्या पृष्ठभागाची वरखाली, चुंबकीय पट्टे. ते सेकंदाला कित्येक सेंटिमीटर नव्हे, मीटरच्या घरात असतं. पृथ्वीच्या ९ सेंटिमीटरवर ते सहज मात करतं.

ही मापं सर्वांसाठी खुली आहेत. नव्या विद्यार्थ्यांना मी ग्रहांची ओढ काढून टाकलेली तीच मापं देते, सूर्याचं नाव मात्र सांगत नाही. ‘या ताऱ्याभोवती काय आहे ते शोधा,’ एवढंच म्हणते. बहुतेकांना ग्रह सापडतो. काहींना दोन सापडतात, वजनासकट. कालावधी सहसा सूर्याच्या २७ दिवसांच्या फेरीचा, तिच्या निमपटीचा नाहीतर तिहाईचा असतो. मग मी त्यांना विचारते की तारा किती दिवसांत फिरतो, आणि तुम्ही दिवसाच्या कोणत्या वेळी पाहिलंत. चेहरे उतरतात, पण हा धडा मसुदा छापायच्या आधी मिळालेला असतो.

माझा ग्रह याद्यांमध्ये अजून दोन वजनांनी नोंदलेला आहे, नऊपटीचं जुनं आणि पाचपटीचं नवं. जुनं पुसता येत नाही आणि पुसूही नये. नव्याबरोबर मी प्रत्येक मापाची तारीख-वेळ, वगळलेल्या रात्री, वगळण्याची कारणं आणि कॅल्शियमचा तो रकाना, सगळं खुलं ठेवलं आहे. कोणी त्यातून आणखी काही ताऱ्याच्या नावावर वळतं केलं आणि ग्रह चारपटीवर आला, तर माझ्या पाचपटीबद्दल मी भांडणार नाही. मला फक्त त्यांचं गणित बघायला आवडेल.